शंभरचा बल्ब

तिसऱ्यांदा आला हा कूलर दुकानात,
हातगाडीवर आडवा, सुतळीने बांधलेला.
मागे गोजरबाई, गाडीच्या सावलीत सावलीत चालत.
"मिस्तरी कोठे शे?"
मामा आत आहे, डोळ्यावर हिरवी पट्टी,
मोतीबिंदू काढून सहा दिवस झालेत.
मीच मिस्तरी, मी म्हटलं.
तिनं माझ्या हातातली पकड पाहिली, मग बांगड्या.
"इच्चूना मायक चटका बसस,"
ती पकडीलाच म्हणाली.

वायर तपासली. मोटार तपासली.
पत्र्याला टेस्टर लावला: अंधार.
मग हाताची पाठ लावली, मामानं शिकवली तशी;
तळवा कधीच नाही,
तळवा करंटला धरून ठेवतो.
काही नाही.
पारोळ्याच्या वैशाखात लोखंड तापतं, तेवढंच तापलेलं.
आधीही दोनदा असंच झालं होतं.
आता बाजारात बोलणं सुरू होतं
सुपडूच्या भाचीला काही येत नाही म्हणून.

आतून मामा म्हणाला,
"त्याच्यात पानी व्हतं का?"
नव्हतं.
"मंग कोरड्याला काय इचारतेस,
कोठे भिजलास म्हणून?"

पिशवीत होल्डर टाकला, शंभरचा बल्ब, लांब वायरी दोन.
तिचं घर नवं. मोरीला टाइल,
अंगणात भिंतीपासून फाटकापर्यंत सिमेंटचे ब्लॉक.
कूलरमध्ये दोन बादल्या ओतल्या, पंप लावला
आणि टेस्टर डोळा उघडून बसला.
पंपाच्या वायरीला, पाण्याखाली, नखाएवढी चीर.
सापडलं.
पण तेवढ्यानं बाईला चटका बसायला नको होता.
तिसरी पिन असते कशाला मग?

बोर्डाच्या फेजमध्ये एक वायर,
वरच्या मोठ्या भोकात दुसरी.
बल्ब लाल झाला, नुसता लाल,
विझत आलेल्या चुलीतल्या काटकीसारखा.

अर्थिंगचा खड्डा कुठे आहे?
मुलाला माहीत नाही. सुनेला नाही.
प्लंबरला फोन लावला, तो हसला.
गोजरबाई उठली,
भिंतीपासून पावलं मोजली, अनवाणी, त्या तव्यावर,
आणि एका ब्लॉकवर थांबली.
"आठे मोरीनं पानी पडे. आठे केय व्हती."

केळ मोरीचं पाणी प्यायची,
तिच्या मुळांशी पुरलेली तांब्याची पट्टीही प्यायची.
मग पाइप आला, गटार झाली, केळ काढली.
पट्टी खाली तशीच राहिली,
तिची तहान कोण मोजणार?

ब्लॉक उचकटले.
काळी माती, मनगट जाईल एवढी भेग.
कैरीच्या लोणच्यासाठी आणलेलं जाडं मीठ दोन किलो,
सून कुरकुरली, तरी दिलं.
पहिली बादली.
माती आवाज करून प्यायली.
दर बादलीला मेन बंद, मेन चालू.
दुसरीला काही नाही. तिसरीला काही नाही.
चौथीला नारिंगी.
बल्ब धरून सून उभी, कुरकुर विसरलेली,
आणि सहावीला तिनं डोळेच मिटून घेतले
एवढा उजेड.

पंपाची वायर बदलली, कूलर लावला.
वाळ्याचा वास खोलीभर.
गोजरबाईनं पत्र्याला हात लावला.
तळवा.
मी ओरडणार होते.
ती तशीच उभी राहिली बराच वेळ,
म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा हात ठेवून.

रात्री मामा वही वाचून घेतो.
बिघाड, या रकान्यात काय लिहू ते सुचेना.
शेवटी लिहिलं: पाणी.
नको तिथे होतं, हवं तिथे नव्हतं.
मामा पट्टीखाली हसला,
"हे तं आख्ख्या तालुक्याचं बिल झालं पोरी.
पैसे?"
वायरीचे पस्तीस, मजुरी ऐंशी.
मिठाचे तिनं कापून घेतले.
"आन शंभरचा बल्ब?"

तिथेच राहिला.